हिंडरन्स रजिस्टर वर्गात यायला हवे

सकाळी अकराच्या सुमारास कॉलेजची बस साइटवर येते. साठेक मुले उतरतात, नवी कोरी हेल्मेट डोक्यावर चढवतात. प्रोजेक्ट मॅनेजर वीस मिनिटे काम समजावून सांगतो, चहा-बिस्किटे होतात, बॅनरसमोर फोटो निघतो आणि एकच्या आत बस परत फिरते. अभ्यासक्रमात याला 'इंडस्ट्रियल व्हिजिट' म्हणतात. सव्वीस वर्षे मी साइटवर काढली आणि अशा कितीतरी बसगाड्यांचे स्वागत केले. त्यातली एक अजून मनातून जात नाही. ज्या स्लॅबसमोर आम्ही त्या मुलांचा फोटो काढला, त्याचे काँक्रीट पहाटे साडेतीनला संपले होते. संध्याकाळी आरएमसीच्या, म्हणजे तयार काँक्रीट आणणाऱ्या, गाड्या ट्रॅफिकमध्ये अडकल्या, मग पंपाची लाइन चोक झाली. ओतलेले काँक्रीट आवळत चालले होते आणि कोल्ड जॉइंट (जुन्या आणि नव्या काँक्रीटमधला सांधा) कुठे घ्यायचा, घ्यायचाच की नाही, हे ठरवायला माझ्याकडे जेमतेम अर्धा तास होता. मुकादमाची माणसे सकाळपासून उभी होती, त्यांना जेवायला सोडले तर काम थांबत होते. बांधकाम व्यवस्थापन म्हणून जे काही असते ते त्या रात्री आठ ते साडेतीनमध्ये घडून गेले. मुले आली तेव्हा क्युरिंगचे, म्हणजे काँक्रीटवर पाणी साठवण्याचे, वाफे तेवढे पाहायला उरले होते.

गेली सहा वर्षे मी एका सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर बांधकाम व्यवस्थापन हाच विषय शिकवतो. त्यामुळे आता मी त्या बसमध्येही बसतो.

उद्योगांनी विद्यापीठांना हातभार लावावा, हे वाक्य प्रत्येक पदवीदान समारंभात ऐकू येते आणि त्याला कोणाचाच विरोध नसतो. प्रश्न हातभार कशाचा, हा आहे. माझे म्हणणे असे की बांधकाम कंपन्यांपाशी विद्यापीठाला देण्याजोगी सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे त्यांनी केलेल्या कामाची खरी हकीकत: काम कुठे अडले, कोणामुळे अडले, किती दिवस गेले, काय चुकले, कोणाचा जीव गेला. ती हकीकत वर्गात आली पाहिजे आणि मुले ती घडत असताना साइटवर असली पाहिजेत. जी कामे जनतेच्या पैशातून होतात, त्यांच्या ठेकेदाराला तर ही गोष्ट निविदेतल्या अटीने बांधून टाकावी. तिथे कंपनीच्या उदारपणाची वाट पाहण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राला हे नवे नाही. पुण्यात १८५४ साली 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झाले ते बांधकाम खात्याला हाताखालचे अधिकारी हवे होते म्हणून. आज तेच सीओईपी टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी झाले आहे. इंग्रजांचा हेतू स्वच्छ स्वार्थाचा होता, त्याचे गोडवे गाण्याची गरज नाही. पण वर्ग आणि काम यांच्यामध्ये तेव्हा भिंत नव्हती. विश्वेश्वरय्या तिथून १८८३ मध्ये परीक्षेत पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू होऊन नाशिक-खानदेशात कामाला लागले. खडकवासल्याला त्यांनी कल्पिलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये बसले. ज्याच्या गरजेतून शाळा निघाली, ज्याने काम दिले आणि नवी कल्पना करून पाहायला धरण दिले, ते खाते एकच होते.

स्वातंत्र्यानंतर खासगी उद्योग या कामात उतरला. सांगलीचे इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ मध्ये निघाले आणि १९५५ मध्ये त्याला वालचंद हिराचंद यांचे नाव लाभले. बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांची कामे करणाऱ्या, १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी काढणाऱ्या माणसाचे नाव एका कॉलेजला असावे हे मला फार योग्य वाटते. १९८३ मध्ये बांधकाम कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी खास याच विषयासाठी निकमार ही संस्था उभी केली. पुण्यात बालेवाडीला तिचा मोठा परिसर आहे आणि २०२२ पासून ती विद्यापीठ आहे. सिव्हिल इंजिनिअर झाला म्हणजे त्याला काम चालवता येतेच असे नाही, पैसा, माणसे, करार आणि वेळ सांभाळणे ही वेगळी विद्या आहे, हे उद्योगाने तेव्हा मान्य केले. लार्सन अँड टुब्रो कंपनी 'बिल्ड इंडिया स्कॉलरशिप'मधून निवडक मुलांना आयआयटी आणि एनआयटीमध्ये बांधकाम तंत्रज्ञान व व्यवस्थापनाचे एमटेक करायला पाठवते आणि शिक्षण झाले की आपल्याकडे घेते.

हे सगळे चांगलेच आहे. मात्र शिष्यवृत्ती घेतलेला मुलगा त्या कंपनीचा होतो, त्यात गैर काही नाही, तिने पैसे घातलेले असतात. आणि या साऱ्याचा ओघ आयआयटी-एनआयटीकडे किंवा भरपूर फी असलेल्या संस्थांकडे जातो. जिल्ह्याजिल्ह्यातले रस्ते, पूल, शाळा, पाण्याच्या टाक्या ज्यांच्या हातून व्हायच्या आहेत ती मुले कराड, अमरावती, नांदेड, छत्रपती संभाजीनगरमध्ये शिकतात आणि गावोगावच्या तंत्रनिकेतनांत शिकतात. त्यांच्या वाट्याला अकरा वाजताची बस येते. कराडचे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये सुरू झाले तेव्हा पाटणच्या पुढे कोयना धरणाचे काम जोरात चालू होते. कॉलेजपासून तास-दोन तासांवर महाराष्ट्रातली सर्वांत मोठी शाळा भरली होती. आजही प्रत्येक जिल्ह्यात कुठे ना कुठे उड्डाणपूल, महामार्ग, जलवाहिनी चालू आहे. मुलांना तिथे आत जाता येत नाही, एवढाच फरक.

आता मदतीच्या नावाखाली नेमके काय मिळते ते पाहू. कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमाप्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि शिक्षण त्या यादीत आहे. म्हणून प्रयोगशाळा मिळते, संगणक मिळतात, सभागृहाला वातानुकूलन होते, दारावर नाव लागते. सामंजस्य करार होतात. माझ्या पाहण्यातल्या एका विभागात अशा करारांच्या फ्रेम भिंतीवर ओळीने लावल्या आहेत. त्यातल्या एकाही कंपनीचा माणूस करारानंतर वर्गावर आलेला नाही. कंपनीला दोष देताना मी स्वतःलाही वगळत नाही. मी नोकरीत असताना कॉलेजचे पत्र आले की 'या शनिवारी नको, पुढे बघू' असे मीही सांगितले आहे. साइटवर मुले म्हणजे जोखीम, हे आमच्या हाडीमाशी खिळलेले असते.

प्रयोगशाळेला माझा विरोध नाही. काँक्रीटचा नमुना म्हणून घेतलेला क्यूब दाबून पाहायला मशीन लागते. पण काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी मशीन सांगते, आणि क्यूब पास झाला तरी स्लॅब का गळतो हे मशीनला सांगता येत नाही. ते कळायला व्हायब्रेटर कोणाच्या हातात होता, तो माणूस किती तासांपासून उभा होता आणि त्याची मजुरी किती आठवड्यांची थकली होती, हे माहीत असावे लागते.

म्हणून मी हिंडरन्स रजिस्टरवर येतो. सरकारी काम केलेल्या कोणालाही हे रजिस्टर ठाऊक असते. कामात अडथळा आला की तारीख, कारण, अडथळा कधी दूर झाला आणि किती दिवस गेले, हे त्यात लिहायचे. ठेकेदाराचा माणूस आणि खात्याचा अभियंता, दोघांनी सह्या करायच्या. पुढे मुदतवाढ मागताना, दंड माफ करून घेताना, लवादापुढे भांडताना हेच रजिस्टर उघडले जाते. जमीन ताब्यात नाही, विजेचे खांब हलले नाहीत, सुधारित ड्रॉइंग आले नाही, खडीची खाण बंद पडली, पूर आला, असे सगळे त्यात असते. दोन अडथळे एकाच वेळी चालू असतील तर सामायिक दिवस एकदाच धरायचे असतात, आणि तिथेच खरी कुस्ती होते. पुस्तकात आपण दहा-बारा कामांचे सुबक जाळे काढून क्रिटिकल पाथ, म्हणजे काम किती दिवसांत संपेल हे ठरवणारी साखळी, शोधायला शिकवतो. त्या जाळ्यात कोणाची जमीन अडकलेली नसते.

दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या ठेकेदाराने मला एका पुलाच्या कामाचे असे रजिस्टर नावे झाकून दिले. मी त्याच्या झेरॉक्स काढल्या, वर्गात वाटल्या आणि म्हटले, मुदतवाढ किती दिवसांची द्यायची ते तुम्ही ठरवा. तीन तासिका गेल्या. चौथ्या तासाला मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, खांब हलवायला एकशे चाळीस दिवस लागले असं लिहिलंय. पण वीज कंपनीला पहिलं पत्र ऐंशीव्या दिवशी गेलंय. मधले ऐंशी दिवस कोणी काय केलं?"

मला हा प्रश्न पडायला नोकरीची सात-आठ वर्षे जावी लागली होती. तिला तो एका झेरॉक्सने पडला. उद्योगाने द्यायच्या मदतीची किंमत मला विचाराल तर मी ती झेरॉक्स दाखवीन.

जी हकीकत कोणी देत नाही ती अपघातांची. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूर तालुक्यात गर्डर बसवणारे अवजड यंत्र कोसळले आणि २० जण गेले. २९ जून २०१९ च्या मध्यरात्री पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची संरक्षक भिंत खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली आणि १५ माणसे गेली, त्यात लहान मुलेही होती. 'साइट लेआउट' हा आमच्या पुस्तकात पान-दीड पानांचा विषय आहे: सिमेंटचे गोदाम कुठे, सळईचे यार्ड कुठे, ऑफिस कुठे, लेबर कॅम्प कुठे. परीक्षेत त्यावर चार-पाच मार्कांची आकृती येते. लेबर कॅम्प कोणत्या भिंतीच्या पायथ्याशी आहे आणि त्या भिंतीमागे किती माती आहे, हे त्या आकृतीत कुणी विचारत नाही. कोंढव्यानंतर ही आकृती पूर्वीसारखी शिकवणे मला जमलेले नाही. मी भिंत काढतो, भिंतीमागची माती काढतो, पाऊस काढतो आणि मुलांना विचारतो, आता झोपड्या कुठे बांधाल?

विमान पडले की त्याचा अहवाल प्रसिद्ध होतो आणि जगभरचे वैमानिक तो वाचतात. आपल्याकडे पूल पडला की चौकशी समिती बसते, गुन्हा दाखल होतो आणि कागद कोर्टात जातात. पुढच्या वर्षी तेच यंत्र चालवायला निघालेल्या पोराच्या हाती त्यातले काहीच लागत नाही. कंपन्यांकडे स्वतःचे अपघातांचे आणि थोडक्यात टळलेल्या प्रसंगांचे रेकॉर्ड असते. मोठ्या कंपन्यांत ते फार शिस्तीने ठेवतात, मी ते भरलेले आहे. नाव-गाव काढून ते शिकवायला द्यावे. यात बदनामी होईल असे ज्यांना वाटते त्यांना मी एवढेच म्हणेन की बदनामी त्या पहाटे व्हायची ती झालेली असते.

यावर आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. प्राध्यापक मंडळी म्हणतात, कंपन्यांना आत घेतले की त्या विद्यापीठाचे ट्रेनिंग सेंटर करतील. ही भीती खरी आहे. अभ्यास मंडळाच्या बैठकीत उद्योगाचा प्रतिनिधी येतो तेव्हा त्याची पहिली मागणी बहुधा सॉफ्टवेअरची असते: प्रायमाव्हेरा शिकवा, रेव्हिट शिकवा, पोरगा पहिल्या दिवसापासून उपयोगी पडला पाहिजे. कंपनीला पहिल्या दिवसाची चिंता असते आणि ती रास्त आहे. विद्यापीठाने त्या मुलाच्या पुढच्या चाळीस वर्षांचा विचार करायचा असतो. म्हणून काय शिकवायचे हे ठरवण्याचा हक्क विद्यापीठाने कोणत्याही देणगीच्या बदल्यात सोडू नये. कंपनीने साहित्य द्यावे, माणसे द्यावीत, साइट द्यावी. त्यातून धडा काय काढायचा, ठेकेदाराची चूक म्हणायची की खात्याची, हे वर्गात ठरू द्यावे. रजिस्टर मागायचे ते याचसाठी. नोंद सगळ्यांची असते, निष्कर्ष वाचणाऱ्याचा.

कंपन्यांचा आक्षेप सुरक्षिततेचा असतो. मुलाला काही झाले तर जबाबदार कोण? याचे उत्तर कायद्यात आधीच बरेचसे आहे. अप्रेंटिस कायद्यानुसार ३० किंवा त्याहून जास्त माणसे कामावर असलेल्या आस्थापनेने कंत्राटी धरून एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन मिळते, त्याची नोंद होते, तो कोणाच्या देखरेखीखाली आहे हे लिहिलेले असते. त्याला रीतसर घेतले, विमा उतरवला, पहिले दोन दिवस सेफ्टी इंडक्शन दिले, तर तो त्या साइटवरच्या रोजंदारी बिगाऱ्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो. आणि जी साइट विशीतल्या शिकाऊ मुलासाठी धोक्याची आहे ती बिगाऱ्यासाठी कशी चालते?

याच ओघात आणखी एक गोष्ट बोलायला हवी. माझ्या वर्गात आता जवळजवळ निम्म्या मुली आहेत. इंटर्नशिपसाठी फोन केला की पलीकडून हमखास येते, 'सर, मुलगे द्या, साइटवर मुलींची सोय नाही.' सोय म्हणजे एक स्वच्छ संडास आणि कडी लागणारे दार. त्याच साइटवर डोक्यावर घमेले घेतलेल्या बाया दहा-दहा तास राबत असतात, त्यांची सोय कोणी विचारलेली नसते. ज्या कंपनीला कॉलेजला सभागृह बांधून द्यायची इच्छा आहे तिने त्याआधी आपल्या प्रत्येक साइटवर हे दार लावावे. शिक्षणाला झालेली तीही मदतच असेल.

आपली कितीतरी मुले एमएस इन कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट करायला अमेरिकेत जातात. तिथे इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात बांधकाम अभियांत्रिकी व व्यवस्थापनाच्या पदवीसाठी बारा-बारा आठवड्यांच्या तीन पगारी इंटर्नशिप कराव्या लागतात, आणि त्या एकाच कंपनीत. पहिल्या उन्हाळ्यात मोजमापे घेणारा मुलगा तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत छोटे काम सांभाळू लागतो. 'एकाच कंपनीत' हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे. कारण मग कंपनीलाही त्या मुलाला शिकवण्यात रस उरतो. आपल्याकडे सहा आठवड्यांत मुलगा हजेरी लिहायला शिकतो आणि प्रमाणपत्र घेऊन जातो.

मुलांइतकीच साइटची गरज शिक्षकांना आहे. आमच्या विभागातले तरुण सहायक प्राध्यापक हुशार आहेत. बढतीसाठी त्यांना शोधनिबंध लागतात आणि साइटवर काढलेल्या सहा महिन्यांची त्यात नोंद होत नाही. ते शिकवतात ते क्लेम, म्हणजे ठेकेदाराचे भरपाईचे दावे, त्यांनी स्वतः कधी लिहिलेले नाहीत. दुसऱ्या बाजूने पाहिले तर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची वाट उघडली: पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला पीएचडी नसतानाही शिकवायला घेता येते, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत, आणि त्याचा पगार उद्योगाने द्यावा अशीही त्यात तरतूद आहे. बांधकाम कंपन्यांनी पैसा द्यायचाच असेल तर तो इथे द्यावा. मात्र निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणून येणारा माणूस पाठवू नका. चाळिशी-पंचेचाळिशीतला, ज्याच्या फोनवर अजून रात्री साइटवरून कॉल येतात असा प्रोजेक्ट मॅनेजर एका सत्रासाठी मोकळा करा. कंपनीला ते जड जाईल हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ती देणगी ठरेल.

सार्वजनिक कामांबद्दल माझी मागणी स्पष्ट आहे. आपल्या बांधकाम खात्याच्या निविदेत ठेकेदाराने अमुक अनुभवाचा अभियंता साइटवर ठेवलाच पाहिजे, नाहीतर दरमहा वसुली, असे कलम असते. त्याच्याच खाली दोन ओळी वाढवाव्यात. एक, ठरावीक रकमेवरच्या प्रत्येक कामावर जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे आणि तंत्रनिकेतनाचे इतके विद्यार्थी विद्यावेतनावर किमान सहा महिने ठेवावेत. दोन, काम पूर्ण झाल्यावर मूळ कार्यक्रम-तक्ता, प्रत्यक्ष प्रगती, हिंडरन्स रजिस्टर, मुदतवाढीचा पत्रव्यवहार, चाचण्यांचे निकाल आणि अपघातांच्या नोंदी यांची एक प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा करावी, त्याशिवाय अंतिम देयक निघू नये. याला सरकारला वेगळा निधी लागत नाही. हे कागद करदात्यांच्या पैशातून तयार झालेले आहेत, त्यात लष्करी गुपित काही नसते. खर्च वाढला का, काम तीन वर्षे का लांबले, हे माहितीच्या अधिकारात अर्ज करून विचारावे लागते. ते विद्यार्थ्याला कपाटातून काढून वाचता आले पाहिजे.

काही अधिकाऱ्यांना हे आवडणार नाही, कारण रजिस्टरमध्ये दोघांच्या सह्या असतात आणि ऐंशी दिवस कोणी काय केले हे दोन्ही बाजूंना विचारता येते. तरीही एखाद्या कार्यकारी अभियंत्याने आपल्या अधिकारात एका विभागापुरते हे सुरू केले तर कोणी अडवेल असे मला वाटत नाही.

खासगी बिल्डरांवर अशी अट घालता येणार नाही. तिथे विनंतीच करावी लागेल. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाचा जन्म १९४१ मध्ये पुण्यातच झाला, आणि आज तिच्या शाखा राज्यभर आहेत. क्रेडाई या बिल्डरांच्या संघटनेच्या पुणे शाखेने साइटवरच्या कामगारांना काम चालू असतानाच शिकवण्याचा 'कुशल' उपक्रम चालवला आहे. गवंड्याला, सुताराला साइटवर शिकवता येते तर इंजिनिअरिंगच्या मुलालाही येईल.

तोवर कोणाची वाट न पाहता होण्यासारखे एक काम आहे. दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपला, डिपॉझिट सुटले की ठेकेदार साइट ऑफिसच्या फायली खोक्यांत भरून गोदामात टाकतो. दोन-तीन पावसाळ्यांनी त्यांना वाळवी लागते, मग रद्दीवाला येतो. माझ्या स्वतःच्या सव्वीस वर्षांतली निम्मी कामे अशीच किलोच्या भावाने गेली. रद्दीवाल्याला बोलावण्याआधी जवळच्या कॉलेजच्या स्थापत्य विभागाला एक फोन करा. माझ्या कॉलेजात केलात तर पोरे टेम्पो घेऊन येतील, आणि खोकी उचलायला मीही येईन.